डोंगर कोसळतो तो प्रवेश

ताईला तिच्या खात्यात पाठीमागे सगळे 'दगडबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. भूगर्भ खात्यात संसार दगडाशीच. लग्न तिने केलं नव्हतं, आई तिच्याकडे राहायची, आणि आठवड्यातले निम्मे दिवस ती हातोडी, होकायंत्र आणि पाठीवरची पिशवी घेऊन कुठल्या ना कुठल्या उतारावर असायची. चालता चालता मध्येच थांबायचं, चष्मा काढून बाहीला पुसायचा आणि मान तिरकी करून समोरच्या कातळाकडे बघत राहायचं, ही तिची सवय. आई म्हणायची, "बघायला आलेल्या मुलांकडे हिने असं एकदा जरी बघितलं असतं, तरी आज मला नातवंडं असती."

शहराच्या कडेला एक डोंगर होता. त्याचा पायथा तासून तिथे नवी वसाहत बांधली होती. बैठी, पिवळ्या रंगाची घरं, रांगेमागे रांग. नदीकाठच्या पत्र्याच्या झोपड्यांमधली माणसं तिथे आणली होती आणि मंत्र्यांनी स्वतःच्या हाताने त्यांना किल्ल्या दिल्या होत्या. त्या माणसांना जन्मात पहिल्यांदा स्वतःचा नळ मिळाला होता, आतून कडी लागणारं दार मिळालं होतं. बऱ्याच घरांत आईवडिलांच्या फोटोशेजारी मंत्र्यांचा फोटो होता, आणि तो लावायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

वसाहत भरली त्याच्या पुढच्या वर्षी ताई डोंगरमाथ्यावर गेली, तेव्हा गवतात तिला एक भेग दिसली. पाऊल आडवं ठेवलं तर मावेल एवढी, पण माथ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. तिने दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि दर महिन्याला जाऊन अंतर मोजायला सुरुवात केली. अंतर वाढत होतं. उतारावरची झाडं खालच्या बाजूला झुकून मग वर वळली होती. पायथ्याच्या झऱ्यांना गढूळ पाणी येत होतं. आत, कातळाच्या दोन थरांमध्ये चिकणमातीचा एक पातळ थर होता. तो भिजला की साबणासारखा होणार, आणि खालचा आधार तर घरांसाठी आधीच काढून घेतलेला.

तिने अहवाल दिला. वसाहतीच्या मागच्या तीन रांगा रिकाम्या कराव्यात आणि डोंगरातलं पाणी चर खणून बाहेर काढावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तिला बैठकीला बोलावण्यात आलं. मंत्री काही वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि मग म्हणाला, "बाई, डोंगर आहे तो. म्हैस नाही, उठून चालायला."

बैठकीतले सगळे हसले. ताई म्हणाली, "साहेब, तो चालतोच आहे. हळू चालतोय, म्हणून दिसत नाही."

"त्या लोकांना मी पुन्हा नदीकाठी नेऊन बसवू? कुणी विचारलं तर काय सांगू, बाईंनी दोन खुंट्या ठोकल्या म्हणून?" तो हसला नाही, खरंच विचारत होता. "तुम्ही डोंगर पोखरला आणि उंदीर काढलात. ते कागद नीट करून आणा."

कागद तिने नीट केले नाहीत, ते तिच्या साहेबांनी केले. 'तीव्र धोका' होता तिथे 'मध्यम स्वरूपाचा धोका' आला, रांगा रिकाम्या करण्याचं वाक्य गेलं. आणि महिन्याभरात ताईची बदली तळघरातल्या कोठारात झाली. तिथे जुन्या दगडांचे नमुने खोक्यांत भरून ठेवलेले होते आणि खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या होत्या.

ती दोनदा वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जाऊन आली. एका संपादकाने सांगितलं, खात्याचा अधिकृत अहवाल वेगळं बोलतो. दुसऱ्याने तिला बाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं.

ताईची धाकटी बहीण नाटकात होती. घरात तिला सगळे 'धाकटी'च म्हणत. वीस वर्षं तिने अर्ध्या रिकाम्या नाट्यगृहांत कामं केली होती आणि घरखर्चासाठी साबणाच्या जाहिरातींना आवाज दिला होता. तिचा नवरा दिग्दर्शक. माणूस चांगला, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. रविवारी दोघं जेवायला यायची. अशाच एका रविवारी ताईने सगळी हकीकत सांगितली. दिग्दर्शकाने हातातला घास खाली ठेवला.

"ताई, याचं नाटक करू या."

"नको."

"ऐका तरी. वर्तमानपत्रं गप्प, खातं गप्प. नाट्यगृहात दिवे गेले की माणूस दीड तास कुठे जाऊ शकत नाही. ऐकावंच लागतं त्याला. विज्ञानाची भाषा आकड्यांची, ती लोकांच्या काळजापर्यंत जात नाही. राजकारणाची भाषा..."

"जावईबापू, आधी जेवा," आई म्हणाली. "काळीज कुठे पळून जात नाही."

ताई म्हणाली, "मला लोकांच्या काळजापर्यंत जायचं नाहीये. त्यांना तीन रांगा सोडून दुसरीकडे न्यायचंय."

"मग त्यासाठी आधी त्यांना हललेलं बघायला नको?"

 धाकटी हळूच म्हणाली, "ताई, मी करीन तुझं काम. अगदी तुझ्यासारखं करीन."

ताईने तिच्याकडे पाहिलं. लहानपणापासून धाकटीने काही मागितलं आणि ताईने नाही म्हटलं, असं झालं नव्हतं. शेवटी तिने एकच अट घातली. मोजमापं खरी वापरायची. एकही आकडा बदलायचा नाही.

तालमी एका बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये सुरू झाल्या. ताई कोठारातून सुटली की तिकडे जायची. हातोडी कशी धरायची, दगड फुटल्यावर ताजा भाग कसा ओला करून बघायचा, खुंट्यांमधलं अंतर मोजताना फीत कशी ताणायची, हे तिने धाकटीला शिकवलं. धाकटी शिकली. पण जे शिकवलं नव्हतं तेही तिने उचललं. एका संध्याकाळी ताई दारातून आत येत होती, आणि समोर धाकटीने चालता चालता थांबून चष्मा काढला, बाहीला पुसला, मान तिरकी केली. ताई दारातच उभी राहिली. आरशात बघावं आणि आरसा आपल्यापेक्षा आधी हलावा, तसं तिला झालं.

कोपऱ्यात शिवणाचं यंत्र घेऊन एक बाई कपडे शिवत बसलेली असायची. नाटकमंडळीत तिला सगळे शिवणमावशी म्हणत. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन दूर. ती त्याच वसाहतीत राहायची, अगदी मागच्या रांगेत. हे ताईला कळलं तेव्हा तिला वाटलं, निदान एक घर तरी आता रिकामं होईल.

भांडण झालं ते शेवटावरून. ताईच्या मते नाटकाच्या शेवटी डोंगर पडता कामा नये. तो उभा राहावा, आणि तो उभा आहे हे माहीत असताना लोकांनी घरी जावं.

"पडला की संपलं सगळं," ती म्हणाली. "लोकांना वाटेल, व्हायचं ते होऊन गेलं."

"ताई, असा शेवट म्हणजे वाढून ठेवलेलं ताट उचलून नेणं," दिग्दर्शक म्हणाला. "लोक चिडतील."

"चिडू देत. चिडायलाच हवेत."

दोघांनीही धाकटीकडे पाहिलं. डोंगर कोसळतो तो प्रवेश तिचा होता. ढिगाऱ्यात एकटी उभी राहून ती मेलेल्यांना हाका मारते, असं ते लांबलचक स्वगत होतं. वीस वर्षांत तिला असं काही मिळालं नव्हतं.

"पडू दे, ताई," धाकटी म्हणाली. "लोक घाबरतील. घाबरले तर हलतील."

नाटकांना परवानगी देणारं सरकारी परीक्षण मंडळ नाटक अडवेल अशी सगळ्यांना धास्ती होती. मंडळाने काहीच अडवलं नाही. सुरुवातीला एक ओळ वाचून दाखवावी, एवढंच त्यांचं म्हणणं: 'या नाटकातील सर्व पात्रे, घटना व आकडे काल्पनिक आहेत.' दिग्दर्शकाने मान्य केलं. ताईने विचारलं, "आकडेसुद्धा?" तो म्हणाला, "ताई, एक ओळ तर आहे. कोण ऐकतंय? लोक तेव्हा खुर्च्या शोधत असतात."

पहिल्या प्रयोगाला ताई आईला घेऊन मागे बसली. शेवटच्या प्रवेशात रंगमंचाखाली खडीची पिंपं गडगडवली, पत्रे हलवले, वरून भुशाची पोती रिकामी केली. खुर्च्यांचे हात थरथरले. धुळीतून धाकटी उभी राहिली आणि बोलायला लागली, तेव्हा नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. पडदा पडल्यावर लोक किती तरी वेळ उभं राहून टाळ्या वाजवत होते. आईला कमी ऐकू यायचं, पण तीही रडली. ताईच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "काय केलंय गं हिने!" आणि मग जरा थांबून, "तूही केलंस म्हणा."

नाटक चाललं. असं चाललं की दिग्दर्शकाचाही विश्वास बसेना. तिकिटांसाठी रांगा लागल्या. वर्तमानपत्रांनी पान पान भरून लिहिलं. कलेने विज्ञानाला आवाज दिला, असं त्यात होतं. ज्या संपादकाने ताईला बाकावर बसवलं होतं त्याने धाकटीची मोठी मुलाखत घेतली. तिला त्याने डोंगरांविषयी प्रश्न विचारले, आणि तिने नाटकासाठी पाठ केलेली उत्तरं सुंदर दिली.

ताईने तो पेपर घेऊन पुन्हा खात्यात अर्ज केला. साहेबांनी अर्ज वाचला, आकड्यांवर बोट ठेवलं. "बाई, हे आकडे कुठून आणलेत?"

"माझे आहेत. तुम्हाला दिले होते."

"हे नाटकातले आहेत. माझी बायको दोनदा बघून आलीय, तिला पाठ आहेत." त्यांनी अर्ज परत सरकवला. "आणि नाटकाच्या सुरुवातीलाच सांगतात ना, आकडे काल्पनिक म्हणून? आता नाटकं पुरे करा बाई."

एका प्रयोगाला मंत्री आला. पहिल्या रांगेत बसला, आणि शेवटच्या प्रवेशात त्याने खरोखर डोळे पुसले. धाकटीने ते रंगमंचावरून पाहिलं. प्रयोग संपल्यावर तो वर आला, तिच्यापुढे हात जोडले. "माझ्या राज्यात असा मंत्री असेल तर मी त्याला आधी घरी बसवीन," तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मग तिथेच त्याने जाहीर केलं की डोंगर सुरक्षा समिती नेमली जाईल आणि धाकटी तिची सदस्य असेल.

धाकटी धावत ताईकडे आली. "बघ! मी म्हटलं नव्हतं? आता मी आत आहे. तू सांग, मी बोलते."

ताईने एका कागदावर थोडक्यात सगळं लिहून दिलं: पाणी बाहेर काढा, तीन रांगा हलवा, माथ्यावरची भेग मातीने बुजवा. धाकटी समितीच्या बैठकीला गेली. आतल्या माणसांनी तिच्याबरोबर फोटो काढले. तिने कागद वाचायला घेतला तर अध्यक्ष म्हणाले, "ते तांत्रिक आमचे लोक बघतील. तुम्ही ते शेवटचं म्हणून दाखवा ना, सगळ्यांनी ऐकलेलं नाही." तिला वाटलं, या माणसांवर परिणाम व्हायला हीच वेळ. तिने स्वगत म्हटलं. जीव ओतून म्हटलं. टाळ्या झाल्या. समितीने ठराव केला की हे नाटक सगळ्या शाळांना दाखवावं.

घरी ताई वाट बघत होती. "पाण्याचं बोललीस?"

"बोलले."

"लिहून घेतलं?"

धाकटीने पायातल्या चपला काढायला उगाच वेळ लावला. "लिहून घेतलं."

"काय?"

"मी छान बोलते, असं."

वसाहतीतल्या लोकांसाठी एक फुकट प्रयोग झाला. ट्रक भरभरून लोक आले. बायका हुंदके देऊन रडल्या. त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी ताई एकटी वसाहतीत गेली. आता या लोकांना माहीत आहे, आता ते ऐकतील, असा तिचा हिशेब होता. मागच्या रांगेतल्या पहिल्याच घराचं दार चौकटीत अडकत होतं. तिने घरातल्या बाईला ते दाखवलं. "हे बघा, दार लागत नाही. जमीन सरकतेय म्हणून चौकट तिरकी झालीय."

बाई हसायला लागली. "अगदी तसंच! नाटकातली बाई पण अशीच दार लावून दाखवते." तिने शेजारणीला हाक मारली. "अगं ये लवकर, या बाई नाटकातल्या बाईची हुबेहूब नक्कल करतात."

चार बायका जमल्या. ताई म्हणाली, "ती माझी बहीण आहे. ती मला बघून करते."

"हो का? मग तुम्ही पण नटी?"

ताईने चष्मा काढला आणि पुसला.  बायका पुन्हा हसल्या. दुष्टपणाने नाही, कौतुकाने.

रांगेच्या टोकाला शिवणमावशीचं घर होतं. मावशीने तिला बसवलं, पाणी दिलं. मागच्या भिंतीवर पायऱ्यापायऱ्यांनी एक तडा गेला होता आणि मावशीने त्यावर कापडाच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलं होतं.

"मावशी, तुम्ही तर सगळ्या तालमी ऐकल्यात. पावसाआधी निघा इथून. आमच्याकडे या. आईला सोबत होईल."

"ताई, नदीकाठी होतो तेव्हा दर पावसात कमरेएवढं पाणी. माझा नवरा त्या पाण्यातल्या तापानेच गेला. तेव्हा कुणी नाटक काढलं नाही." मावशीने दोरा दातांनी तोडला. "पहिल्यांदा बघितलं ना नाटक, तेव्हा मी दोन रात्री झोपले नाही. खोटं कशाला बोलू? बोचकं पण बांधलं होतं. पण आता रोज संध्याकाळी तो डोंगर पडतो, रोज मी विंगेत उभी राहून रडते, आणि घरी येऊन बघते तर हा आपला जागच्या जागी. भीतीच गेली बघा. रडून रडून गेली."

 ताईने मावशीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मावशीलाच मग अवघडल्यासारखं झालं.

पावसाची झड लागली आणि थांबेना. एका सकाळी, माणसं कामाला गेलेली आणि बायका घरात, अशा वेळी डोंगर आला. कोठारात ताईला साहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज फाटला होता. "बाई, तुमचा डोंगर आला."

तुमचा. एवढी वर्षं तो कुणाचाच नव्हता.

ती पोचली तेव्हा मागच्या तीन रांगा नव्हत्याच. तिथे तांबडा चिखल होता, आणि त्यातून एखादं पिवळं भिंताड, एखादा नळ वर आलेला. सैनिक खणत होते. ताई त्यांच्या अधिकाऱ्याला म्हणाली, डाव्या बाजूने खणू नका, वरची माती अजून सुटतेय, उजवीकडून या. अधिकाऱ्याने लगेच माणसं हलवली. ती सांगेल तिथे यंत्रं लावली, ती म्हणाली थांबा की सगळे थांबायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिचं ऐकत होतं. आणि प्रत्येक वेळी तिचं ऐकून ते जे बाहेर काढत होते, ते तिला बघवत नव्हतं.

शिवणमावशी दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. धाकटी तिथेच होती. तिने मावशीच्या तोंडावरचा चिखल स्वतःच्या हाताने पुसला. ढिगाऱ्यात उभी राहून ती काहीच बोलली नाही. मावशीच्या मुलीचा पत्ता कुणाला माहीत आहे, एवढंच ती ज्याला त्याला विचारत फिरली.

विधानसभेत मंत्री उभा राहिला. त्याचे डोळे सुजले होते आणि ते खोटं नव्हतं. अशी काही पूर्वसूचना शासनाकडे नव्हती, तो म्हणाला. अधिकृत अहवालात धोका मध्यम आहे. विरोधी बाकावरून कुणीतरी ओरडलं, "नाटकात तर होता ना?" मंत्र्याने नाटकाचं पत्रक काढून ती एक ओळ वाचून दाखवली. पात्रे, घटना व आकडे काल्पनिक. "कलेचा मी आदर करतो," तो म्हणाला. "पण राज्य नाटकावर चालत नाही."

महिन्याभराने मृतांच्या स्मरणार्थ खास प्रयोग ठरला. मिळणारी रक्कम मृतांच्या घरच्यांना जाणार होती. धाकटी नाही म्हणाली. दिग्दर्शक म्हणाला, "त्या लोकांना मदत मिळेल. आपल्या हातात दुसरं काय आहे?" त्याला मावशीनंतर झोप येत नव्हती. तो सरळ विचारत होता. शेवटी धाकटी तयार झाली.

प्रयोगाला मंत्री पहिल्या रांगेत होता, काळे कपडे घालून. दिग्दर्शकाने खडीची पिंपं काढून टाकली होती. डोंगर या वेळी नुसत्या अंधारात पडला. उजेड आला तेव्हा धाकटी उभी होती. तिने स्वगत म्हटलं नाही. ती पुढे आली आणि मंत्र्याकडे बघून साध्या आवाजात बोलली.

"हे खरं आहे. माझ्या बहिणीने हे तुम्हाला सांगितलं होतं. बैठकीत, तोंडावर. तुम्ही म्हणालात, डोंगर आहे, म्हैस नाही. आमची शिवणमावशी त्यात गेली. कपडे तिनेच शिवलेत हे, मी घातलेत ते."

तिचा आवाज तुटला.  मग कुणीतरी मागून टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळं नाट्यगृह उभं राहिलं. सगळ्यांत आधी उभा राहिला होता मंत्री. तो रडत टाळ्या वाजवत होता.

"टाळ्या नका वाजवू," धाकटी ओरडली. "मी नाटक करत नाहीये!"

टाळ्या आणखी वाढल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की नव्या शेवटामुळे नाटकाला धार आली आहे. दिग्दर्शकाने तो पेपर तिच्यापासून लपवला, पण आठवड्याने स्वतःच चाचरत विचारलं, हा शेवट ठेवायचा का? लोक विचारताहेत. धाकटीने त्या दिवशी कपडे भरले आणि ताईकडे निघून आली. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. ती चांगली होती. ताईला तिने कधी पाहिलेलं नव्हतं, धाकटीला बघून बघून ती चष्मा पुसायला शिकली होती. नाटक दौऱ्यावर गेलं. इतर शहरांत, इतर डोंगरांखाली त्याचे प्रयोग होऊ लागले, आणि सगळीकडे लोक रडले असं ऐकू यायचं.

चौकशी आयोगापुढे ताईला बोलावलं. तिने सुरुवातीपासून सगळं सांगितलं. आयोगाचे वृद्ध अध्यक्ष शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, मी तुमचं नाटक पाहिलंय. मला तुमच्याबद्दल फार आदर आहे. पण नाटकाबाहेरचा एखादा पुरावा आहे का?" तिचा मूळ अहवाल आणि मोजमापांच्या वह्या खात्यात सापडत नव्हत्या. माथ्यावरच्या खुंट्या डोंगराबरोबर गेल्या होत्या. अशी पूर्वसूचना होती हे सिद्ध होत नाही, असा आयोगाने निष्कर्ष काढला.

दोघी बहिणी आता एकाच घरात राहात होत्या, पण दोघीही बोलत त्या फक्त आईशी, एकमेकींशी नाही. एकदा भांडी विसळताना धाकटी म्हणाली, "ताई, मला शिव्या दे. काहीतरी बोल. शेवट तसा ठेवू नको म्हणाली होतीस तू. मीच पडू दे म्हटलं."

ताईने नळ बंद केला. "शेवटाचं काही नाही गं."

"मग?"

"तू फार चांगलं केलंस." ताई रागावली नव्हती. दगडाचा प्रकार सांगावा तशा आवाजात ती सांगत होती. "वाईट केलं असतंस तर लोक वैतागून बाहेर पडले असते. म्हणाले असते, काय बंडल नाटक. मग त्यातल्या एखाद्याने तरी मला येऊन विचारलं असतं, बाई, खरं काय आहे?"

 धाकटी हातातली थाळी ठेवून आतल्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. आई खुर्चीत बसल्या बसल्या कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "आतासुद्धा किती सुंदर रडते बघ. नाटक सुटलं तरी अंगातून गेलं नाही पोरीच्या."

ताई उठली. आतल्या खोलीच्या दारापाशी गेली. दार उघडंच होतं. धाकटी तिच्याकडे पाठ करून भिंतीशी बसली होती, खांदे हलत होते. मध्येच ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा रडायला लागली. ताई मान तिरकी करून बराच वेळ बघत उभी राहिली. कातळाकडे बघून त्याच्या आत काय आहे ते ती सांगू शकायची. ही तर सख्खी बहीण होती, मांडीवर खेळवलेली. पण हे रडणं कुठून येतंय ते तिला सांगता येईना. आणि तिला दिसलं की धाकटीलाही ते कळत नाहीये, म्हणूनच ती मध्ये मध्ये थांबतेय.

ताई आत गेली नाही. ती परत आली आणि आईच्या पायावर पांघरूण नीट केलं.